खांदेरीचा दीपस्तंभ

नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वर्धा जिल्ह्यात जाम नावाचे गाव लागते. ते ज्या तालुक्यात मोडते त्याचे नाव समुद्रपूर. नावात समुद्र असला तरी खरा समुद्र तेथून पश्चिमेस सहाशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तथापि या मुलखाचा आणि समुद्राचा काहीच संबंध नाही असे म्हणता येणार नाही. जामपासून जवळच असलेल्या हिंगणघाटच्या बाजाराचा कापूस एके काळी विलायतेपर्यंत नावाजलेला होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे, म्हणजे १८६१ पासून १८६५ पर्यंत, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-वर्ध्याच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ च्या फेब्रुवारीत मुंबईहून निघालेली आगगाडी वर्ध्यावरून नागपुरास पोहोचली. कापसाच्या गाठी बैलगाड्यांतून स्टेशनावर, तेथून मुंबईच्या धक्क्यावर आणि धक्क्यावरून जहाजाच्या पोटात, असा प्रवास सुरू झाला. त्याच १८६७ साली मुंबई बंदराच्या तोंडाशी खांदेरी नावाच्या खडकाळ बेटावर दीपस्तंभ उभा राहून त्याचा दिवा लागला. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या हा योगायोग खरा. परंतु ज्या व्यापाराने रूळ नागपूरपर्यंत ओढून आणले, त्याच व्यापाराला समुद्रावरील वाटही रात्री दिसावयास हवी होती.

खांदेरी बेट मुंबईच्या दक्षिणेस, अलिबाग तालुक्यातील थळ गावासमोर समुद्रात आहे. त्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये उंदेरी नावाचे त्याहून धाकटे बेट आहे. इंग्रजांच्या जिभेला ही नावे वळेनात, तेव्हा त्यांनी उंदेरीचे ‘हेनरी’ व खांदेरीचे ‘केनरी’ केले. त्यामुळे जुन्या नकाशांवर ही जोडी दोघा विलायती भावांसारखी दिसते. खांदेरीवर दोन टेकड्या असून त्यांपैकी दक्षिणेकडील टेकडीवर दीपस्तंभ आहे. भोवती तट आणि बुरूज. चाकांच्या लोखंडी गाड्यावर चढविलेली तोफ तेथे आजही पाहावयास मिळते. एक मोठा खडक असा आहे की दगडाने ठोकला असता त्यातून धातूच्या भांड्यासारखा नाद निघतो. वेतोबाचे स्थानही येथे आहे आणि त्यावर किनाऱ्यावरील कोळी बांधवांची श्रद्धा आहे.

हा दिवा जेथे लागला, त्या जागेचा पूर्वेतिहास काळोखाचा आहे. आणि ‘काळोखाचा’ हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा आहे.

मुंबई बेट इंग्रजांच्या हाती, जंजिरा सिद्दीच्या हाती आणि कोकणचा बराचसा किनारा शिवाजी महाराजांच्या हाती, अशी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील स्थिती होती. सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबई बंदराच्या आश्रयास राही आणि पाऊस सरला की मराठी मुलखात उतरून जाळपोळ करी. या ये-जा करण्यावर नजर ठेवावयाची तर खांदेरीसारखी जागा दुसरी नव्हती. १६७२ साली महाराजांनी तेथे तटबंदीचा प्रयत्न केला, तेव्हा इंग्रजांनी हरकत घेतली. १६७९ च्या ऑगस्टअखेर मायनाक भंडारी दीडशे माणसे व चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि त्याने कामास हात घातला. वेळ मोठ्या धोरणाने साधलेली होती. दर्या अजून पुरता शमला नव्हता. मोठ्या शिडांच्या जहाजांना त्या खडकांजवळ फिरकणे कठीण होते आणि होड्यांना मात्र थळच्या किनाऱ्यावरून डाव साधून जाता येत होते.

मुंबईकर इंग्रजांनी प्रथम तीन शिबाडे पाठवून बेटाला वेढा घातला. १९ सप्टेंबर रोजी लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प बेटाला भिडला, तो तेथेच मारला गेला. मग ‘रिव्हेंज’ नावाची मोठी युद्धनौका घेऊन कॅप्टन मिंचिन व कॅप्टन रिचर्ड केग्विन आले. १८ ऑक्टोबर रोजी दौलतखानाच्या हाताखालील मराठी आरमार या ताफ्यावर चालून गेले. ‘डव्ह’ नावाची इंग्रजांची गुराब निशाण उतरवून शरण आली. इतर लहान नावा पळाल्या. एकट्या ‘रिव्हेंज’ने तोफांच्या माऱ्याने मराठी गलबतांस मागे हटविले. जय कोणाचा झाला याबद्दल दोन्ही बाजूंच्या अभिमान्यांनी वाद घालावा. परंतु ज्या गोष्टीने खांदेरीचा निकाल लागला ती या लढाईत नाहीच. दिवसा समुद्र ‘रिव्हेंज’चा होता. रात्री मात्र तो थळच्या लहान नावांचा होत असे. उथळ पाण्यातून, खडकांच्या फटींतून, ओहोटी-भरतीचा अंदाज बोटांच्या टोकांवर असलेली माणसे बेटावर धान्य, दारूगोळा आणि दगड पोहोचवीत राहिली. तोफांचे जहाज काळोखात त्यांचा पाठलाग करू शकत नव्हते, कारण खडकावर आपटण्याचे भय तोफेच्या भयाहून मोठे होते. सिद्दीही पुढे आपले आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीस आला; तरी तट वाढतच गेला. अखेर १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी वेढा उठविला. सिद्दीने तेवढ्यात शेजारचे उंदेरी बळकाविले आणि पुढे कित्येक वर्षे दोन बेटे एकमेकांवर तोफा डागीत राहिली.

कान्होजी आंग्रे यांच्या काळात खांदेरी हे मराठी आरमाराचे मुंबईच्या उंबरठ्यावरील ठाणे होते. १७१८ साली मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने त्यावर मोठी मोहीम काढली, तीही फसली. १७२९ साली कान्होजी निवर्तले. पुढील शतकाची हकीकत घरभेदाची व पडत्या काळाची आहे, ती येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. १८१८ साली पेशवाई संपली आणि १८४० साली आंग्र्यांचे कुलाबा संस्थान खालसा झाले, तेव्हा या किनाऱ्यावर इंग्रजांना विरोध करणारे कोणी उरले नाही.

विरोध करणारे माणूस उरले नाही; खडक मात्र होते तेथेच होते. मुंबई बंदराचे तोंड नैऋत्येकडे आहे. आत शिरणाऱ्या जहाजाच्या डाव्या हाताला कुलाब्याच्या टोकापासून पाण्याखाली पसरत गेलेला प्राँग्जचा खडक आणि उजव्या हाताला थळचा खडक. या दोहोंच्या मधून वाट काढावयाची. उधाणाच्या दिवसांत येथे भरती-ओहोटीच्या पाण्यात चार ते पाच मीटरांचा फरक पडतो. सकाळी डोके वर काढून बसलेला दगड दुपारी नाहीसा होतो. त्यात जून-जुलैमधील नैऋत्येचा वारा जहाजाला पाठीमागून किनाऱ्याकडे ढकलीत असतो, पावसाच्या सरींनी आकाश व पाणी एक झालेले असते. १८४० च्या जून महिन्यात ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’ आणि ‘लॉर्ड कॅसलरे’ ही विलायतेहून आलेली दोन जहाजे याच बंदराच्या तोंडाशी फुटली आणि सहस्रावधी मैलांचा प्रवास करून आलेली माणसे मुंबई दृष्टीच्या टप्प्यात आली असता बुडाली. त्या वेळी दिवा मुळीच नव्हता असे नव्हे. कुलाब्याच्या टोकावर जुने दीपगृह होते. मुंबईकर मराठी माणूस त्यास ‘कुलाब्याची दांडी’ म्हणत असे. पण ते जमिनीवर होते, आणि धोका जमिनीपासून दूर, पाण्यात होता. आपण खडकाच्या अलीकडे आहो की पलीकडे, हे खलाशाला एकाच दिव्यावरून नेमके कळत नाही. दोन दिवे असले आणि ते कोणते हे ओळखता आले, म्हणजे होकायंत्राने दोहोंची दिशा घेऊन नकाशावर दोन रेघा ओढावयाच्या. त्या जेथे छेदतात तेथे जहाज. शाळेतील भूमितीच्या या लहानशा प्रमेयावर जगातील दीपस्तंभांचा सारा व्यवहार चालत आलेला आहे.

म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांस दिवे हवे होते. दक्षिणेकडील दिव्यासाठी जागा शोधण्याची गरजच नव्हती. ती मायनाक भंडाऱ्याने १८८ वर्षांपूर्वी निवडून ठेविली होती. जेथून शत्रूचे जहाज सर्वांत आधी दिसते, तीच जागा येणाऱ्या जहाजास सर्वांत आधी दिसते. हा साधा नियम लक्षात घेतला म्हणजे किल्ले आणि दीपस्तंभ एकाच ठिकाणी का सापडतात याचा उलगडा होतो.

आता बांधणीकडे वळू. खांदेरीचा मनोरा अष्टकोनी, दगडी आणि सुमारे २५ मीटर उंच आहे. कुलाब्याच्या बाजूस पुढे १८७५ साली टॉमस ऑर्मिस्टन या इंजिनियराने बांधलेला प्राँग्जचा मनोरा वाटोळा आणि १४६ फूट, म्हणजे सुमारे ४४ मीटर उंच आहे. त्यास त्या काळी सहा लक्ष वीस हजार रुपयांहून अधिक खर्च आला. हे दोन मनोरे एकाच बंदराचे द्वारपाल. वयातही आठ वर्षांचेच अंतर. मग एक अष्टकोनी व आटोपशीर आणि दुसरा वाटोळा, उंच व इतका खर्चिक का? याचे उत्तर त्यांच्या पायांशी आहे. खांदेरीचा मनोरा टेकडीवर उभा आहे. लाटा तटाशी डोके आपटून परत जातात, मनोऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. त्याला झुंजावयाचे ते केवळ वाऱ्याशी. उंचीचा मोठा भाग टेकडीनेच दिलेला आहे. अष्टकोनाच्या भिंती सरळ असतात, त्यांचे दगड नेहमीच्या पाथरवटाला घडविता येतात, आणि चौकोनी बुरुजापेक्षा वारा तिच्या कोनांवरून अधिक सुलभतेने निसटतो. याउलट प्राँग्जचा पाया भरतीच्या वेळी पाण्यात जातो. तेथे प्रत्येक लाट मनोऱ्यावर आदळणार. तिला सपाट भिंत दिली तर ती पुरा धक्का देईल; वाटोळी दिली तर दोन्ही अंगांनी फुटून जाईल. शिवाय कामाला वेळ मिळणार तो ओहोटीचा, आणि तोही पावसाळा वगळून. पैसा दगडाला लागला त्याहून पाण्याशी चाललेल्या या घासाघिशीला अधिक लागला असेल, असे मानावयास जागा आहे.

उघड्या समुद्रात, लाटांच्या माऱ्यात मनोरा उभारण्याची विद्या फार जुनी नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ एडिस्टन नावाचा खडक आहे. त्यावर हेन्री विन्स्टन्ली याने १६९८ साली लाकडी दीपगृह बांधले. १७०३ च्या प्रचंड वादळात ते नाहीसे झाले, आणि त्या रात्री त्यात असलेला विन्स्टन्लीही त्याच्याबरोबर गेला. दुसरे बांधले, ते १७५५ साली जळाले. तिसऱ्या खेपेस जॉन स्मीटन याने ओक वृक्षाचा बुंधा डोळ्यांसमोर ठेवून खाली रुंद व वर निमुळता असा दगडी मनोरा रचला आणि प्रत्येक दगड शेजारच्या दगडात, सुताराने खाच-जोड बसवावी तसा, अडकवून दिला. पाण्याखालीही घट्ट होणाऱ्या चुन्याचे प्रयोग त्याने याच कामासाठी केले. १७५९ साली तो दिवा लागला. आणि एवढ्या खटपटीनंतर लागले काय, तर चोवीस मेणबत्त्या! पुढे मनोरा शाबूत राहिला, त्याखालचा खडकच झिजला, म्हणून तो वरून उतरवावा लागला. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळ अल्गुआडा खडकावर अलेक्झांडर फ्रेझर याने उभारलेला आणि १८६५ साली प्रकाशित झालेला मनोरा याच कुळातील. प्राँग्जही याच कुळातला. खांदेरीचे कूळ निराळे; तो किल्ल्याच्या खांद्यावर बसलेला दिवा आहे.

मनोरा हे दीपस्तंभाचे शरीर. जीव असतो तो वरच्या काचेच्या खोलीत. उघडा दिवा आपला प्रकाश चहूकडे उधळतो: वर आकाशात, खाली खडकांवर, मागे जमिनीवर. खलाशाच्या वाट्याला त्याचा अगदी लहान अंश येतो. आरसे लावून पाहिले, पण धातूचा आरसा समुद्राच्या हवेने काळवंडे आणि बराच प्रकाश गिळून टाकी. मोठे भिंग लावावे तर ते इतके जाड होई की त्याची काचच प्रकाश खाई. ओगुस्तँ फ्रेनेल या प्रकृतीने दुबळ्या फ्रेंच इंजिनियराने यावर तोड काढली. प्रकाश वाकतो तो काचेच्या पृष्ठभागावर. मधली काच केवळ ओझे असते. मग ती काढूनच टाकली तर? त्याने मध्यभागी एक भिंग ठेवून त्याभोवती काचेची एकात एक कडी रचिली, आणि प्रत्येक कड्याचा उतार असा धरला की दिव्यापासून निघालेला प्रत्येक किरण वाकून क्षितिजाला समांतर जावा. १८२३ साली फ्रान्समधील कोर्दुआँच्या दीपस्तंभावर त्याचे भिंग बसले. चार वर्षांनी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, फ्रेनेल क्षयाने वारला. पुढे जगभर दीपस्तंभांवर जी भिंगे चढली ती याच रीतीची.

दिव्यात काय जाळावयाचे यातही पिढ्या गेल्या. आरंभी कोळशाच्या शेगड्या, हिंदुस्थानच्या दीपगृहांत पुष्कळ वर्षे नारळाचे तेल, मग घासलेट, मग घासलेटाची वाफ करून ती जाळीच्या पिशवीखाली पेटविण्याची युक्ती, जी लग्नाच्या वरातीतील बत्तीमुळे सर्वांच्या परिचयाची झाली, आणि शेवटी वीज. भिंग फिरते ठेवावयाचे असेल तर घड्याळासारखे यंत्र लावून त्याला मनोऱ्याच्या पोकळीत वजन सोडीत. ते वजन तळाशी पोहोचले की पुन्हा गुंडाळून वर घ्यावयाचे, म्हणजे राखणदाराला रात्रभर झोप नाही. फिरण्याचा हेतू शोभा हा नव्हे. प्रत्येक दिव्याच्या लुकलुकण्याला ठरलेला ताल असतो. किती सेकंदांनी, किती वेळा, हे खलाशाच्या पुस्तकात छापलेले असते. त्यावरून तो ओळखतो की हा खांदेरी, तो प्राँग्ज. दिवसा हीच ओळख रंगाने पटते. प्राँग्जच्या मनोऱ्यावर रंगांचे आडवे पट्टे दिले आहेत ते यासाठी.

दिवा किती दुरून दिसावा, याचा हिशेब ज्यांना गणिताची गोडी आहे त्यांनी घरी करून पाहावा. पृथ्वी वाटोळी असल्यामुळे कितीही प्रखर दिवा ठराविक अंतरापलीकडे क्षितिजाखाली जातो. दिव्याची उंची फुटांत घेऊन तिचे वर्गमूळ काढावे व त्यास १.१७ ने गुणावे, म्हणजे ते अंतर समुद्रमैलांत येते. उंची १४४ फूट धरली तर वर्गमूळ १२, अंतर सुमारे १४ समुद्रमैल. पाहणारा जहाजावर २५ फूट उंच उभा असेल तर त्याच्या बाजूचे आणखी सुमारे सहा, एकूण वीस. समुद्रमैल १,८५२ मीटरांचा, म्हणजे अंतर सदतीस किलोमीटर झाले. हीच उंची चौपट केली तरी दिव्याच्या बाजूचे अंतर दुप्पटच होते. म्हणून मनोरे उगाच आकाशास भिडविण्यात अर्थ नसतो.

खांदेरी व प्राँग्जच्या जोडीस बंदराच्या आतल्या अंगाला १८८४ साली संक रॉकचा दिवा आला आणि वाट पुरी झाली. दिवा लागला म्हणजे समुद्र निर्धोक झाला असे मात्र नव्हे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांनी कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. गिरगाव-परळातील आणि अलिबागकडील कित्येक घरांत त्या अवसेची आठवण पुढे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. ते संकट दिवसाढवळ्या आले. तेथे कोणत्याही दिव्याचा इलाज चालण्यासारखा नव्हता. ७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया’ या दोन मालवाहू जहाजांची बंदराच्या तोंडाशी टक्कर झाली. चित्रा कलंडून उथळ पाण्यात रुतली, डबे समुद्रात पडले, तेल पसरले आणि बंदराचा व्यवहार काही दिवस थांबला. तेव्हा तर जहाजांवर उपग्रहांकडून स्थान सांगणारी यंत्रेही होती. खडक कोठे आहे हे दिवा सांगतो; समोरचा सुकाणूवाला काय करणार आहे हे तो सांगू शकत नाही.

उपग्रहांची यंत्रे आल्यावर दीपस्तंभांची किंमत उतरली असे पुष्कळांस वाटते. मोठ्या जहाजांपुरते त्यात तथ्य आहे. तथापि यंत्र बिघडते, वीज जाते, आणि थळ-वरसोलीच्या लहान मचव्याचा तांडेल अजूनही मान वर करून दिवा पाहतो. १९२७ चा दीपगृहांचा कायदा जाऊन २०२१ साली नौकानयनाच्या साधनांविषयी नवा कायदा झाला. त्यातही दीपस्तंभांना स्थान आहेच.

१९९८ साली खांदेरीच्या बेटास व दीपस्तंभास कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. ज्यांच्या भीतीने मुंबईची जहाजे या बाजूस फिरकताना दबकत, त्यांच्याच नावाचा दिवा आता त्या जहाजांना वाट दाखवितो. पुढे ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची साक्ष देणारे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. रायगड, राजगड, सिंधुदुर्ग यांच्या पंगतीस त्यात खांदेरीही आहे. बेटावर जावयाचे तर थळच्या किनाऱ्यावरून नाव करावी लागते आणि ती पावसाळा सोडूनच मिळते. नावेत बसल्यावर प्रथम उंदेरीचा पडका तट लागतो. त्याच्या पलीकडे, टेकडीच्या माथ्यावर, खांदेरीचा अष्टकोनी मनोरा दिसू लागतो.